दोन मर्सिडीज आणि एक खोटा तराजू

जुन्या मोटारगाड्यांचे मोल ठरविण्यासाठी हौशी मंडळींनी सध्या एक तराजू हाती घेतला आहे. त्या तराजूत टाकण्याची वजने दोनच: वेग आणि बाजारभाव. गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते आणि आज विकावयास काढली तर किती रक्कम हाती पडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की गाडीचा निकाल लागला, असे मानण्यात येते. हा तराजू खोटा आहे. निदान गोव्यापुरता तरी तो खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मत मांडण्यासाठी एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच कुळातल्या दोन गाड्या आम्ही वाचकांसमोर ठेवणार आहोत. एक मर्सिडीज-बेंझ २२० एस आणि दुसरी मर्सिडीज-बेंझ १९० डी. पहिली धन्याची, दुसरी भाड्याची. पहिलीचे गोडवे सगळेच गातात. आमचा कौल दुसरीला आहे.

साहित्य मंडळाच्या त्रैमासिकात मोटारींची चर्चा कशाला, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. तो रास्तही आहे. परंतु ‘वारसा’ हा शब्द आपण याच पानांवर वारंवार वापरतो. देवळे, वाडे, हस्तलिखिते, धालो-फुगडीची गीते यांच्याविषयी आपण तळमळीने लिहितो. पेडणे महालातील जुन्या वाड्यांतून जपून ठेवलेल्या पालख्यांचा उल्लेख आला की आपली लेखणी अभिमानाने भरून येते. मात्र ती पालखी ज्यांच्या खांद्यांवरून गेली त्या भोयांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पालखी उरली, भोई विस्मरणात गेले. विसाव्या शतकातील मोटारीच्या बाबतीत हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडत आहे. तेव्हा हा प्रश्न यंत्राइतकाच स्मृतीचाही आहे, आणि स्मृतीचा प्रश्न साहित्य मंडळाच्या कक्षेबाहेर कसा असेल?

प्रथम या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते पाहू. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली. सीमेपलीकडून येणारा तांदूळ, भाजीपाला, कापड आटले. त्याच दशकात डिचोली, सत्तरी, सांगे या महालांच्या डोंगरांतून निघणारे लोहखनिज मुरगाव बंदरातून जपान व पश्चिम जर्मनीकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. खनिजाच्या मोबदल्यात परकीय चलन येऊ लागले आणि राजवटीने परदेशी मालाला दारे मोकळी सोडली. भारतात मोटार घ्यावयाची तर अॅम्बॅसडर, फियाट वा स्टँडर्ड यांपैकी एकीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. इकडे मात्र जर्मन, फ्रेंच, इंग्रज बनावटीच्या नव्या गाड्या लाल मातीच्या रस्त्यांवरून धावत होत्या. या वैभवाचा अर्थ काय लावावयाचा, हा स्वतंत्र विषय आहे. ज्या राजवटीने नागरी स्वातंत्र्य दिले नाही तिने घड्याळे आणि मोटारी दिल्या, एवढे म्हटले तरी पुरे.

आमच्या दोन्ही गाड्या त्या काळच्या. १९५३ साली मर्सिडीजने १८० हे मॉडेल काढले. पूर्वीच्या गाड्यांचे सुटे मडगार्ड आणि बाजूची पायरी जाऊन तिची बॉडी एकसंध, गोलसर झाली. तराफ्यासारख्या दिसणाऱ्या या आकारामुळे या कुळाला ‘पाँटून’ असे नाव पडले. सलून म्हणजे पक्क्या छपराची चार दारांची गाडी. या सलूनला स्वतंत्र चासी नव्हती. छप्पर, फरशी आणि बाजू मिळून एकच पोलादी पेटी होती. त्या कुळात १९५६ साली २२० एस आली आणि १९५८ साली १९० डी. समोरून पाहिल्यास दोघींचा चेहरामोहरा एकच. फरक नाकाच्या लांबीत. २२० एसच्या बॉनेटखाली सहा सिलिंडरांचे इंजिन मावावे म्हणून तिचे नाक लांब, तर १९० डीचे चार सिलिंडरांपुरते आखूड.

आता हौशी मंडळींचे वजनमाप पाहू. प्रतिपक्षाची बाजू पूर्णपणे मांडल्याशिवाय तिचे खंडन करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. २२० एसचे इंजिन २,१९५ सी.सी.चे, पेट्रोलवर चालणारे, दोन कार्ब्युरेटरांचे. सुरुवातीस त्याची शक्ती १०० अश्वशक्ती होती, ती १९५७ मध्ये १०६ झाली. गाडी ताशी १६० किलोमीटरपर्यंत जात असे व शून्यापासून शंभराचा वेग सुमारे १७ सेकंदांत गाठत असे. १९० डीचे इंजिन १,८९७ सी.सी.चे, डिझेलवरचे, अवघ्या ५० अश्वशक्तीचे. तिचा कमाल वेग सुमारे १२६ किलोमीटर आणि शंभराचा वेग गाठावयास तिला जवळजवळ २९ सेकंद लागत. शर्यतीचा मान पाहावा तरी पारडे पहिलीकडेच झुकते. १९५६ च्या माँटे कार्लो रॅलीत जग्वार मार्क सेव्हनने पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर वॉल्टर शॉक याची सहा सिलिंडरांची मर्सिडीज २२० होती. १९६० साली त्याच शॉकने या मालिकेतील पुढच्या २२० एसई गाडीतून ती रॅली जिंकली. बाजारभावाचेही तेच. २२० एसची उघड्या छपराची आवृत्ती तर जगभरचे संग्राहक डोक्यावर घेतात, आणि सलूनलाही डिझेल बहिणीपेक्षा बरीच चढी किंमत मिळते. सारांश, या तराजूत १९० डी दोन्ही वेळा हलकी भरते.

आणि तरीही हा निकाल चुकीचा आहे. कारण ‘कामगिरी’ या शब्दाला स्थळकाळाचा संदर्भ असतो, आणि हौशी मंडळी तो संदर्भच सोडून देतात. १७ सेकंद आणि २९ सेकंद यांतील फरक १२ सेकंदांचा. शिवोलीच्या धक्क्यावर चोपड्याची फेरी पलीकडच्या तीरावरून परत येईपर्यंत जो वेळ जाई, त्यात असे किती ‘बारा सेकंद’ मावतील याचा हिशोब वाचकांनीच करावा. पेडण्याहून पणजीला निघालेल्या माणसाला शापोरा नदी ओलांडावी लागे, मग म्हापसा, मग बेती, आणि पुन्हा मांडवी ओलांडण्यासाठी फेरी. मांडवीवरचा पहिला पूल १९७० साली झाला. ज्या रस्त्यावर शंभराचा वेग गाठण्याची जागाच नव्हती, त्या रस्त्यावर शंभराचा वेग किती सेकंदांत गाठला, या प्रश्नाला अर्थ काय? तेथली कामगिरी निराळी होती. आषाढात गाडी सुरू होणे, घाटीवर पाच माणसे आणि टपावर बोजा घेऊन चढणे, डिचोलीत मिळेल त्या हत्यारांनी दुरुस्त होणे, आणि दिवसाच्या कमाईतून इंधनाचा खर्च वजा जाता घरी चार पैसे नेता येणे.

या कसोट्या लावल्या की पारडे उलटे फिरते, आणि त्याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण पेटविण्यासाठी ठिणगी लागते. ठिणगीसाठी कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट, प्लग आणि जाड तारा लागतात. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की शंभर अश्वशक्ती जागच्या जागी उभी राहते. शिवाय दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवणे हे नाजूक हाताचे काम. डिझेलला ठिणगीच नको. सिलिंडरात हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत फवारलेले तेल आपसूक पेटते. थंड इंजिन सुरू करताना ग्लो प्लग तापवावे लागतात. डॅशबोर्डवरील लहानशी तार लाल झाली की शुफेराला इशारा मिळे. एकदा सुरू झाले की ते इंजिन विजेवाचून चालू राही. शक्ती निम्मी, परंतु ती निम्मी शक्ती पावसात, चिखलात आणि अडाणी दुरुस्तीतही शाबूत राही. डिझेल स्वस्त होते आणि ते लागतही कमी. ज्याचे पोट गाडीवर होते त्याच्यासाठी यापेक्षा मोठी कामगिरी कोणती?

हा केवळ गोवेकराचा आपल्या टॅक्सीविषयीचा जिव्हाळा नव्हे. १९५९ साली भूमध्य समुद्रापासून केप टाउनपर्यंत सबंध आफ्रिका खंड उभे छेदणारी रॅली झाली. तीत कार्ल क्लिंग व रायनर ग्युंट्सलर या जोडीने पहिला क्रमांक मिळविला, तो १९० डी या गाडीतून. हा तोच क्लिंग, ज्याने त्याआधी कंपनीच्या अतिवेगवान शर्यती मोटारी चालविल्या होत्या. वाळवंट, जंगल आणि चिखल यांच्यापुढे वेगाचा गर्व उतरतो आणि टिकाऊपणा पुढे जातो, हे त्या रॅलीने दाखवून दिले. दुसरे उदाहरण ग्रीसचे. थेस्सालोनिकी येथील टॅक्सीचालक ग्रेगोरिओस सखिनिदिस याने १९७६ सालच्या आपल्या मर्सिडीज २४० डी गाडीवर ४६ लाख किलोमीटरांची मजल मारली. २००४ साली कंपनीने ती गाडी आपल्या संग्रहालयासाठी मागून घेतली. याच कंपनीच्या १९५५ सालच्या ३०० एसएलआर कूपेला २०२२ साली १३.५ कोटी युरो इतकी किंमत आली. त्या कंपनीलासुद्धा संग्रहासाठी एक झिजलेली टॅक्सी हवीशी वाटावी, ही गोष्ट आपल्या हौशी मंडळींनी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांनी ती गाडी बनविली त्यांना तिचा अर्थ कळला. ज्यांच्या दारात तसल्याच गाड्यांनी जन्म काढला त्यांना मात्र तो कळू नये, हे आमचे दुर्दैव.

आता दुसरे वजन घेऊ, संग्रहमूल्याचे. दुर्मीळ वस्तूला मोल असते, हा संग्राहकांचा पहिला सिद्धांत. २२० एस सलून कारखान्यातून पंचावन्न हजारांहून थोड्या अधिक निघाल्या. १९० डी पाँटून ऐंशी हजारांहून अधिक. म्हणून पहिली दुर्मीळ, असे सांगितले जाते. परंतु दुर्मीळपणा किती बनल्या यावरून ठरत नाही, किती उरल्या यावरून ठरतो. धन्याची गाडी पडवीत झाकून ठेवली जाते. रविवारी, सणावारी, लग्नकार्यात ती बाहेर निघते. भाड्याची गाडी पहाटे निघते आणि मध्यरात्री परतते, आणि ज्या दिवशी ती कमावू शकत नाही त्या दिवशी तिचा पत्रा भंगारात व सुटे भाग दुसऱ्या गाडीत जातात. तेव्हा जी जास्त बनली तीच अधिक झपाट्याने नाहीशी झाली, यात नवल नाही. सांभाळलेल्या वस्तूपेक्षा वापरलेली वस्तू नेहमीच अधिक दुर्मीळ होत जाते. जरीचा शालू फडताळात सापडतो. कष्टकरणीचे रोजचे लुगडे कोणत्या संग्रहालयात आहे?

गोव्यात याला आणखी एक कारण घडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातनिर्बंध येथे लागू झाले. नव्या परदेशी गाड्या येणे थांबले, आणि असलेल्यांचे सुटे भागही दुर्मीळ झाले. ज्या गाड्या रस्त्यावर होत्या त्यांनाच पुढची दोन-तीन दशके काढावी लागली. आमच्या पिढीने म्हापसा, डिचोली, पणजी येथील नाक्यांवर काळ्या-पिवळ्या रंगातील या वृद्ध मर्सिडीज पाहिल्या आहेत, त्यांत कोंबून बसून लग्नाला, बाळंतिणीला आणावयास आणि इस्पितळात गेलो आहोत. त्या चालू राहिल्या त्या येथील गाराजांतील मेस्त्रींच्या हातांमुळे. जर्मन कंपनीच्या सहकार्याने टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात १९५४ पासून मर्सिडीज मालमोटारी बनत होत्या. त्या मालमोटारींवर हात बसलेले कारागीर या सलूनच्या कामी आले. पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीजच्या परवान्याने डिझेल इंजिने बनविली, आणि जुन्या गाडीत बसविण्यासाठी त्याच कुळातील नवे हृदय देशात मिळू लागले. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविणे हा त्या काळी देशभर सर्रास चालणारा व्यवहार होता. एखादी लांब नाकाची सहा सिलिंडरांची धनीण उतारवयात डिझेल इंजिन पोटात घेऊन भाड्याला लागे. तिलाही आम्ही आमच्याच पंक्तीत बसवितो. रबराच्या गादीऐवजी कापलेल्या टायरचा तुकडा, मूळ काचेऐवजी म्हापशात कापून घेतलेली काच, लेथवर घडविलेला बुश: या प्रत्येक तडजोडीत त्या काळाचा इतिहास कोरलेला आहे.

आणि येथेच शासनाच्या नियमाशी आमचा खटका उडतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. आम्ही आयुष्यभर शासकीय सेवेत नियमांची अंमलबजावणी केलेली असल्यामुळे नियमाचे गुण आधी सांगतो. त्यापूर्वी या विषयात राज्याराज्यांत एकवाक्यता नव्हती, ती आली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ ही स्वतंत्र ओळख मिळाली. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीस ५ हजार, असे सुटसुटीत कोष्टक ठरले. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो, ही तर अतिशय समंजस तरतूद होय. गोवा, दमण व दीव संघप्रदेशाच्या काळातील ‘जीडी’ने सुरू होणारा क्रमांक हाही एक ऐतिहासिक लेखच आहे.

दोष आहे तो व्याख्येत. व्हिंटेज ठरण्यासाठी गाडी मूळ स्वरूपात सांभाळलेली असावी आणि तिची चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. वरवर पाहता ती निर्दोष वाटते. परंतु तिचा व्यवहारातील अर्थ काय होतो? जी गाडी साठ वर्षे पडवीत झाकून राहिली ती वारसा ठरली. जी गाडी साठ वर्षे माणसे वाहून थकली, जिचे इंजिन दोनदा बदलले, जिचा तळपत्रा लाल चिखलाने खाल्ल्यामुळे नवा ठोकावा लागला, ती वारसा ठरत नाही. म्हणजे वापर हा दोष झाला आणि न वापरणे हा गुण. दुरुस्ती हा डाग ठरला. ज्या कारागिराने सुटे भाग नसताना गाडी चालती ठेवली, त्याचे कौशल्य हेच गाडीच्या अपात्रतेचे कारण झाले. नियम करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त संग्राहकाची गाडी होती, टॅक्सी नव्हती.

‘मूळ रूप’ या कल्पनेचा हा अट्टहास आपल्या परंपरेला तरी परका आहे. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे उदाहरण डिचोलीकरांना सांगावयास नको. देवाचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले आणि देव नदी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे राज्य शासनाने पुन्हा जीर्णोद्धार केला आणि २०२३ साली ते देऊळ भाविकांसाठी खुले झाले. जागा बदलली, भिंती बदलल्या, छप्पर बदलले. तरी ‘हे मूळ देऊळ नव्हे’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? उलट हे बदल, ही स्थलांतरे आणि हे जीर्णोद्धार मिळूनच त्या देवळाचा इतिहास झाला आहे. जे तत्त्व आपण दगडी देवळाला लावतो, ते पोलादी गाडीला लावावयास अडचण कसली? आपल्या भाषेत ‘जीर्णोद्धार’ असा नेमका शब्द असताना, आपण दुरुस्तीला कमीपणा देणारी व्याख्या निमूटपणे का स्वीकारावी?

यावर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे. पहिला असा, की दुरुस्तीला मान द्यावयाचा तर कोणतेही धेडगुजरी वाहन वारसा म्हणून पुढे येईल. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच आम्ही सरसकट सूट मागत नाही. काल हौसेखातर बसविलेले चकाकणारे इंजिन आणि सेवेत असताना निकड म्हणून बसविलेले इंजिन यांत भेद करता येतो, आणि तो कागदपत्रांवरून करता येतो. परवान्याची नोंद, नोंदणी पुस्तकातील इंजिन-बदलाची नोंद, तंदुरुस्ती प्रमाणपत्रे ही साधने त्यासाठीच असतात.

दुसरा आक्षेप धुराचा. जुने डिझेल धूर ओकते, आणि आज त्याचे समर्थन कोणी करू नये. आम्हीही करीत नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी नित्य वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती चालवावी, हे बंधन आम्हांस मान्य आहे. टॅक्सीला पुन्हा भाडे मारू द्या, असे आमचे मागणे नाही. तिने भाडे मारले होते ही गोष्ट तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नका, एवढेच मागणे आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्राहकांनी पदरचा पैसा घालून गाड्या वाचविल्या. टॅक्सीवाल्यांनी स्वतःच आपल्या गाड्या भंगारात घातल्या. मग दोष कोणाला? संग्राहकांचे ऋण आम्ही मान्य करतो. त्यांच्या हौसेवाचून आज यातले काहीच उरले नसते. परंतु ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाचा हिशोब गाडीवर चालत होता, त्याने नादुरुस्त गाडी स्मारक म्हणून अंगणात ठेवावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. खाणबंदीनंतर दारात उभ्या राहून गंजलेल्या मालगाड्या डिचोली तालुक्याने २०१२ पासून पाहिल्या आहेत. उभे वाहन म्हणजे काय, हे तेथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच अशी गाडी राखण्याची जबाबदारी व्यक्तीची नसून समाजाची ठरते.

हे सर्व आजच बोलणे का निकडीचे आहे? पेडणे तालुक्यातील मोपा येथे डिसेंबर २०२२ मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून तेथील टॅक्सी-व्यवसायावरून वाद झडत आहेत. त्या वादात कोणाची बाजू घेण्याचा या लेखाचा हेतू नाही. मात्र एक गोष्ट खटकते. गोव्याचा टॅक्सीवाला आज बातमीत येतो तो केवळ अडथळा म्हणून, भाड्याचा दर म्हणून किंवा मोर्चा म्हणून. पूल नव्हते, बसगाड्या मोजक्या होत्या, रुग्णवाहिका हा शब्दही गावात पोहोचला नव्हता, तेव्हा मध्यरात्री कोणाच्या दारावर थाप मारली जात असे, याचा उच्चार कोठेच होत नाही. ज्या व्यवसायाला इतिहासच ठेवलेला नाही त्याची बाजू ऐकून घेणाराही कोणी उरत नाही, आणि त्या व्यवसायातील नव्या पिढीलाही आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत हे कळत नाही. सन्मानाची जाणीव आणि सचोटीची जाणीव या बहुधा जोडीनेच येतात.

शिवाय काळ थांबणार नाही. १९६० च्या सुमारास ज्यांनी नवी गाडी हाती घेतली ते शुफेर बहुतेक गेले. ज्यांनी १९७० च्या दशकात गाराजांत उमेदवारी केली ते मेस्त्री सत्तरीच्या घरात आहेत. कार्यालयीन अभिलेखांचे जतन ठराविक मुदतीपुरते असते. मुदत संपली की फायली नष्ट करण्याच्या यादीत जातात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. जुनी परवानापुस्तके घराघरांतल्या ट्रंकांत वाळवी खात आहेत. संग्राहकाच्या गाडीची किंमत पुढील दहा वर्षांत वाढेल. या कागदांची आणि आठवणींची किंमत शून्यावर येईल, कारण ते उरणारच नाहीत.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. राज्य शासनाने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा, की व्हिंटेज वाहनाच्या व्याख्येत सेवाकाळात निकडीपोटी झालेली, कागदोपत्री नोंदलेली दुरुस्ती हा अपात्रतेचा मुद्दा ठरू नये. तोवर निदान राज्याच्या अखत्यारीतील एक गोष्ट व्हावी: मुक्तिपूर्व काळातील टॅक्सी, कार्रेर आणि मालमोटारी यांच्या उपलब्ध नोंदी नष्ट न करता पुराभिलेख खात्याकडे सोपविल्या जाव्यात. राज्य संग्रहालयाने एक तरी १९० डी, डागडुजीच्या सर्व खुणांसह, त्या न पुसता, मिळवून ठेवावी. तिला नवा रंग देऊ नये. आणि आपल्या मंडळाने आपल्या वाट्याचे काम करावे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील वृद्ध चालक व मेस्त्री यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घेऊन या त्रैमासिकातून क्रमशः छापाव्यात. या कामाला निधी लागत नाही; एक वही, एक लेखणी आणि समोरच्या माणसाचे ऐकून घेण्याइतका धीर लागतो.

दोन मर्सिडीजपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद हौशी मंडळींनी खुशाल चालू ठेवावा. २२० एस ही देखणी, वेगवान आणि खानदानी गाडी होती, यात संशय नाही. तिच्या मालकाला ती शोभून दिसे. १९० डी कोणाला शोभून दिसावी यासाठी नव्हतीच. तिने पन्नास अश्वशक्तीवर एका पिढीची ये-जा निभावली, आणि ते करताना स्वतःचे मूळ रूप तिने खर्चून टाकले. ज्या समाजासाठी तिने ते खर्चले, त्यानेच तिला आता ‘मूळ रूप दाखव’ असे म्हणू नये.